तोफेची साखर

रक्तातली साखर मोजायची तीन यंत्रं तोफेने भिंतीवर आपटून फोडली. पहिलं खोटं बोलतं म्हणून, दुसरं पहिल्याची री ओढतं म्हणून, आणि तिसरं फोडायला त्याने कारण शोधायचीही तसदी घेतली नाही. चौथं आणायला बायको गेली तेव्हा औषधाचा दुकानदार म्हणाला, "वहिनी, भिंतीऐवजी गादीवर फेकायला सांगा ना त्यांना." "गादी फाडतील," ती म्हणाली आणि यंत्र पिशवीत टाकून चालू लागली.

तोफ हे नाव बेकरीतल्या कामगारांनी दिलेलं. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त दवाखान्याच्या कागदावर उरलं होतं, आणि तिथे कुणी ते पुकारलं की हा दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत असं समजून बसून राहायचा. माणूस बुटका, छाती पिंपासारखी, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पाव पोचवणारा गाडीवाला उशिरा आला म्हणून त्याने एकदा तराजूतलं वजन उचलून भिरकावलं. गाडीची काच गेली, गाडीवाल्याचा कान थोडक्यात बचावला. मैद्यात किडे निघाले तेव्हा गिरणीवाल्याची मान धरून त्याचं डोकं त्याच पोत्यात खुपसलं आणि "आता मोज" म्हणून दरडावलं. गिरणीवाला नंतर आठवडाभर मैदाच शिंकत होता. कामगार शिव्याशाप देत सोडून जायचे आणि चार दिवसांनी मान खाली घालून परत यायचे, कारण पगार वेळेवर व्हायचा आणि पाव असा की त्याची लाज वाटू नये.

अशा माणसाबरोबर रोज भट्टीसमोर उभं राहायचं म्हणजे काहीतरी बंदोबस्त हवाच. तो बंदोबस्त त्याच्या मेव्हण्याने काढला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पीठ मळायचं काम त्याचं. तोफ पेटली की मागून डोक्यावर रिकामं पोतं टाकायचं, मेव्हण्याने एका बाजूने, भट्टीवाल्या म्हाताऱ्याने दुसऱ्या बाजूने धरायचं आणि मैद्याच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घालायची. आत तो पोत्यांना लाथा घालायचा, सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मग हळूहळू आवाज बसायचा. मग थोडा वेळ शांतता. आणि मग आतून खरखरीत आवाजात, "चहा आणा रे कुणीतरी." चहा मागितला की कडी काढायची. त्याआधी नाही. नियम त्यालाही मान्य होता. शांत असताना त्यानेच एकदा सगळ्यांना उभं करून बजावलं होतं, "मी आतून काहीही बोललो, शपथा घातल्या, रडलो, तरी चहा मागेपर्यंत कडी काढायची नाही. काढली तर काढणाऱ्याचं मुंडकं मुरगाळीन." कडी सैल झाली तेव्हा नवी जाडजूड कडी त्याने स्वतःच्या हाताने ठोकून बसवली.

हा राग त्याला वारशात मिळाला होता, भट्टीबरोबर. बापाने त्याला पावाची चव शिकवली ती थोबाडीत मारून. दर घाण्याचा पहिला पाव मिस्त्रीने, म्हणजे भट्टीच्या मुख्य कारागिराने, स्वतः मोडायचा, वाफ नाकाशी न्यायची, घास चावायचा, गिळायचा, आणि मग सांगायचं: मीठ कमी, आंबवण जास्त, भट्टी दोन लाकडं थंड. पोराने चूक सांगितलं की कानाखाली आवाज. घास थुंकला तर दोन आवाज, कारण स्वतःचा पाव थुंकणाऱ्याने दुसऱ्याला तो विकू नये असं बापाचं म्हणणं. मळलेल्या पिठाची चिमूट तोंडात टाकायची तीही तशीच शिकवलेली. एका कानाने कमी ऐकू यायला लागलं तेव्हा कुठे पोराची जीभ तयार झाली. पुढे बापाचा पाय साखरेने गेला, गुडघ्यापासून कापला. तरी बाप भट्टीसमोर स्टुलावर बसून राहायचा आणि कुबडीने मारायचा. जो समोर येईल त्याला. बहुतेक वेळा समोर आई यायची.

आईला त्या कुबडीखाली बघून पोराने मनाशी ठरवलं होतं, आपण बापासारखं व्हायचं नाही. राग तर अंगात भिनलेलाच होता, त्याला इलाज नव्हता. पण दोन गोष्टी हातातल्या होत्या: पाय जाऊ द्यायचा नाही, आणि घरातल्या बाईवर हात टाकायचा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडी फुटली, दारं निखळली, एकदा अख्खं कपाट जिन्यावरून खाली गेलं, पण बायकोला त्याने बोटही लावलं नव्हतं. बाहेर कुणी त्याला जनावर म्हटलं की तो छाती ठोकून म्हणायचा, "घरी येऊन विचारा." त्याच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

आणि मग भरलेला लोखंडी ट्रे त्याच्या डाव्या पायावर पडला. अंगठा चेंदामेंदा झाला आणि त्याला कळलंसुद्धा नाही. पाय साखरेने केव्हाच बधिर झाले होते. संध्याकाळी बुटातून रक्त बाहेर आलं तेव्हा मेव्हण्याने आरडाओरडा केला. जखम भरेना. कडा काळ्या पडल्या, घरभर एक गोडसर कुजका वास पसरला. डॉक्टरीणबाईंनी जखम साफ करताना मेलेलं मांस चिमट्याने ओढून कापलं. तोफेने डोळ्याची पापणी हलवली नाही, आणि नेमकी त्याचीच बाईंना भीती वाटली.

"दुखत नाही ना? हेच वाईट आहे," त्या म्हणाल्या. "साखर उतरली नाही तर अंगठा जाईल. मग पाऊल. मग मी थांबवू शकणार नाही."

घरातून पाव गेला. भात गेला, बटाटा गेला, साखरेचा डबा शेजारणीकडे गेला. बायको हट्टाला पेटली की तोफेलाही भारी. सकाळी अंडी आणि पालेभाजी, दुपारी मासे किंवा कोंबडी, सोबत काकडी, कोबी, फुलकोबी, रात्री पुन्हा अंडी. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, तेही ती मुठीच्या आकारावरून हुज्जत घालून द्यायची. पहिला आठवडा घर म्हणजे रणांगण. त्याने फुलकोबीचा गड्डा खिडकीतून बाहेर फेकला, तो खाली एका सायकलवाल्याच्या पाठीत बसला. त्याने ताट भिरकावलं. तिने पडलेली अंडी उचलून, धुऊन, परत समोर ठेवली. "खायचं तर हे, नाहीतर उपाशी राहा. मी लंगड्याची बायको होणार नाही." तिने असं म्हटलं आणि तो गप्प बसून खाऊ लागला.

इतकं करून साखर ढिम्म. रोज सकाळी यंत्र तीनशेच्या आसपासचा आकडा दाखवायचं, आणि रोज सकाळी यंत्राचा जीव मुठीत असायचा. गोळ्या झाल्या, इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी मात्रा वाढवली. पुन्हा वाढवली. पहिल्यांदा इंजेक्शन देताना त्यांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं: साखर एकदम फार खाली गेली तर हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस भलतंच बोलतो, चिडतो, कधी कधी अंगावर धावून जातो.

"चिडतो?" बायको म्हणाली. "बाई, मग यांची साखर जन्मापासूनच खाली असणार."

बाई खळखळून हसल्या. तोफसुद्धा हसला. सगळे हसले, आणि त्या हसण्यात ती सूचना वाहून गेली.

साखर का उतरत नाही हे मेव्हण्याने सांगितलं, आणि त्याची किंमत त्याला लगेच मोजावी लागली. त्या दिवशी यंत्राने दोनशे नव्वद दाखवले होते. तोफ सकाळपासून बायकोच्या नावाने खडे फोडत होता. भाजीत काहीतरी घालते, मेली, मला मारायला टपली आहे. बोलता बोलता त्याने घाण्यातला पहिला पाव मोडला, अर्धा तोंडात टाकला, चावला, गिळला, म्हाताऱ्याला ओरडला, "आच वाढव."

"भावोजी," मेव्हणा म्हणाला, "ताईला कशाला बोल लावता? सकाळपासून तुमचं तोंड चालूच आहे. हा कितवा पाव?"

"कसला पाव?"

"आत्ता गिळलात तो."

"ती चव आहे, गाढवा! चव घेणं म्हणजे खाणं नव्हे!"

हे तो मनापासून बोलत होता. लहानपणापासून मार खाऊन हाताला लागलेली सवय. तो घास त्याच्या हिशेबी पोटात जातच नव्हता. चव कामाची, जेवण घरी. दिवसभरात किती घाणे, किती चिमटी पीठ, याचा विचार त्याच्या डोक्यातही आला नव्हता. पण मेव्हण्याने हसून म्हटलं, "मग काय, चव खिशात जाते का?" आणि तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ठेवून दिली ती बंद मुठीने. मेव्हणा पिठाच्या टेबलावर आडवा झाला, पुढचा दात पांढऱ्या पिठात पडला आणि त्याच्याभोवती लाल होत गेलं. तोफ दुसऱ्यांदा मूठ उगारत होता तेवढ्यात म्हाताऱ्याने मागून पोतं टाकलं. आतून तो तासभर गरजला. मग चहा मागितला. बाहेर आला तेव्हा मेव्हणा तोंडाला फडकं लावून पीठच मळत होता. तोफेने त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुढच्या घाण्याला लागला.

बायकोने भावाचं तोंड पाहिलं, सगळा प्रकार काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बेकरीत हजर झाली. हातात धुतलेलं जाड फडकं. "या इकडे."

"काय करतेस?"

"मुसकं बांधते."

सगळ्या कामगारांसमोर तिने त्याच्या तोंडाला ते फडकं बांधलं, मागे करकचून गाठ मारली आणि स्टूल घेऊन समोर बसली. पाव मोडायचा, वास घ्यायचा, बोटाने दाबून बघायचं. चव म्हातारा घेईल. तोफेचा हात सवयीने तोंडाकडे गेला की ती लाटण्याने बोटांवर सटकन मारायची. दिवस संपेपर्यंत त्याची बोटं सुजली. कामगार पाठ फिरवून हसत होते. ज्याच्या हातचा मार प्रत्येकाने खाल्ला होता तो फडक्यातून नुसता घुमत होता, आणि त्यातली एकही शिवी धड कळत नव्हती.

साखर उतरली. दोनशे साठ, दोनशे वीस, एकशे ऐंशी. रोज सकाळी नवराबायको यंत्रावर डोकं टेकवून बसायचे. जखमेच्या कडेला गुलाबी मांस दिसू लागलं. तोफेने आनंदाच्या भरात म्हाताऱ्याच्या पाठीत असा धपाटा घातला की म्हातारा खोकत बसला. "बाईंना आत्ता काही सांगायचं नाही," बायको म्हणाली. "पुढच्या तारखेला एकदम यंत्रच समोर ठेवू. तोंडात बोट घालतील."

इंजेक्शनची मात्रा मात्र तीच राहिली, दिवसभराच्या पावांच्या हिशेबाने वाढवलेली. पाव बंद झाल्यावर ते औषध कुणाच्या अंगावर जाणार, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही.

झालं ते दुपारी. सकाळी नेहमीसारखं इंजेक्शन घेतलं, दोन अंडी खाल्ली आणि तो कामाला लागला. मोठी मागणी होती, जेवण लांबलं. समोर स्टुलावर बसलेल्या बायकोने डबा उघडून दोनदा हाक मारली. "हा घाणा होऊ दे" म्हणाला. मग त्याने रिकामे ट्रे भट्टीत सारले. एक, दोन, तीन, पाव नसलेले. म्हातारा बघत राहिला. बोलायची कुणाची छाती नव्हती. बायको उठून जवळ गेली, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सदरा ओलाचिंब होता. गार.

"अहो, काय होतंय?"

तो वळला. हातात ट्रे सारायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं होतं. ते त्याने तसंच गरकन फिरवलं आणि तिच्यावर हाणलं. तिने हात आडवा घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज भट्टीच्या घरघरीतही सगळ्यांना ऐकू आला. फावड्याचं टोक कपाळावर बसलं. ती ट्रेच्या मांडणीवर कोसळली, मांडणी तिच्यावर. तापलेले पाव चहूकडे उडाले. त्याने पुन्हा फावडं उचललं, या वेळी डोक्याच्या नेमाने, आणि ते खाली यायच्या आत म्हाताऱ्याने पोतं टाकलं. मेव्हण्याने मात्र त्या दिवशी नुसतं धरलं नाही. पोत्यावरूनच त्याने सपासप ठोसे घातले, पोटात, बरगड्यांत, जिथे मिळेल तिथे. दात पडल्यापासून साठवलेले सगळे. मग फरफटत नेऊन आत लोटला आणि कडी घातली.

"आज चहा मागितला तरी काढणार नाही," तो धापा टाकत म्हणाला. "कुजू दे तिथेच."

बायको उठून बसली. कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. एक हात दुसऱ्या हाताने धरून ती दाराकडे बघत होती. आत शांत होतं.

"कडी काढ," ती म्हणाली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का? हाताकडे बघ तुझ्या!"

"यांनी शिवी दिली का?"

"काय?"

"मारताना. एक तरी शिवी दिली का यांनी?"

"शिव्यांची हौस राहिली आहे का तुझी?"

"मेल्या, आयुष्यात हा माणूस शिवी दिल्याशिवाय माशीसुद्धा मारत नाही! आधी तोंड सुटतं, मग हात. आज फडक्यातून घुमलासुद्धा नाही. आणि अंग गार होतं, भट्टीसमोर उभा असून गार! कडी काढ!"

मेव्हणा दाराला पाठ लावून उभा राहिला. "तुझ्या अंगावर हात टाकला त्याने. मी काढणार नाही. त्याचाच नियम आहे."

ती उठली. चांगल्या हाताने टेबलावरचा पीठ कापायचा पत्रा उचलला आणि भावाच्या तोंडासमोर धरला. "बाजूला हो. नाहीतर उरलेले दात मी पाडते."

त्याने बहिणीकडे पाहिलं. ती ते खरंच करणार होती. पण तो हलला तो त्या भीतीने नाही. म्हातारा दाराला कान लावून उभा होता आणि हळूच म्हणाला, "आत पोती हलत नाहीयेत."

तोफ दोन पोत्यांच्या मध्ये पालथा पडला होता. पोतं आणि तोंडावरचं फडकं निसटलेलं, तोंड मैद्यात, हातपाय झटके देत, दातखिळी बसलेली, ओठांच्या कडेला फेस. बायकोने डब्याच्या पिशवीतून यंत्र काढायला सांगितलं, कारण तिच्या हाताने ते होईना. मेव्हण्याने त्याच्या सुजलेल्या बोटाला सुई टोचली. आकडा एकोणतीस. त्या यंत्राने इतका लहान आकडा कधी दाखवला नव्हता.

"पाक आण. बनांचा पाक! धाव!"

बनांवर चकाकी यावी म्हणून फासायचा साखरेचा पाक. म्हाताऱ्याने पातेलंच आणलं. तिने त्याला कुशीवर वळवायला लावलं आणि पाकात बोट बुडवून त्याच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळायला सुरुवात केली. एकदा जबडा मिटला आणि बोट दातांत सापडलं. ती किंचाळली, पण बोट सुटताच ते तिने पुन्हा पातेल्यात घातलं. मेव्हणा गुडघ्यावर बसून बघत होता. जिथे आपण ठोसे घातले तिथला तोफेचा सदरा त्याने खाली ओढला. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली होती. ती येईतो झटके थांबले होते. आलेल्या माणसांनी हाताला सुई लावून बाटली सोडली, आणि थोड्या वेळाने तोफेने डोळे उघडले.

आधी त्याला छत दिसलं. मग बायकोचं तोंड. कपाळ फुटलेलं, एक डोळा रक्ताने मिटलेला, मनगट भलतीकडेच लोंबतंय. तो उठायला धडपडला. जीभ जड झाली होती, तरी शब्द निघाले.

"कुणी मारलं तुला?"

म्हाताऱ्याने पाकाचं पातेलं बाजूला सरकवलं.

"नाव सांग! हात उखडून टाकीन हरामखोराचे. घरच्या बाईला..." त्याने मेव्हण्याकडे पाहिलं. "तू बघत उभा होतास?"

मेव्हण्याने मान फिरवली. बायको म्हणाली, "आधी गप पडा तुम्ही."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांची चांगलीच खरडपट्टी काढली. जेवण बदललं ते सांगितलं, पण पाव सुटले ते का नाही सांगितलं? दिवसभर पाव खाणाऱ्या माणसाची मात्रा उपाशी माणसाला टोचत होतात! साखर कमी करायची होती, माणूस नाही! मग त्यांनी इंजेक्शन निम्म्याहून कमी केलं, रोज आकडे कळवायला सांगितलं, खिशात साखरेच्या पुड्या ठेवायला लावल्या. शेवटी आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "त्या वेळी तुम्ही शुद्धीत नव्हता. मेंदूला साखर मिळत नव्हती. ते तुम्ही केलं असं धरू नका."

तेव्हा त्याला कळलं की केलं कुणी. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग भिंतीवर डोकं आपटायला लागला, धाड धाड, नर्स धावत येईपर्यंत. बायको प्लास्टरमधला हात घेऊन शेजारी बसली. "ते तुम्ही नव्हतात," ती म्हणाली. "ऐकलंत ना बाईंचं? साखर होती ती."

हळूहळू त्याला ते पटलं. पटवून घ्यायला कुणाला आवडत नाही? अंगठा वाचला, फक्त नख गेलं. जखम बुजली. सकाळचा आकडा शंभर-सव्वाशेच्या आसपास स्थिरावला. बेकरीत तो तोंडाला फडकं बांधूनच उभा राहायचा, आता स्वतः गाठ मारून. कुणी बायकोच्या हाताबद्दल विचारलं की पुढे होऊन सांगायचा, साखर उतरली होती हो, शुद्धच नव्हती. लोक मान हलवायचे. बिचारा, म्हणायचे. जन्मात त्याला कुणी बिचारा म्हटलं नव्हतं, आणि त्याला ते गोड लागत होतं.

एका सकाळी जिन्यात शेजारीण बायकोला विचारत होती. तोफ वर बूट घालत होता, आवाज ऐकू येत होता. "नाही हो, ते मनाने फार चांगले आहेत," बायको सांगत होती. "त्या दिवशी बरं नव्हतं त्यांना, एवढंच." कुबडीचा मार खाल्ल्यावर त्याची आई दारात उभी राहून शेजाऱ्यांना हेच सांगायची. ह्याच शब्दांत, ह्याच हळू आवाजात: बरं नव्हतं आज त्यांना. तो बुटाची नाडी हातात धरून तसाच बसला. कुबडी उगारताना बापाची साखर कधी कुणी मोजली नव्हती. त्याच्यासाठीही असंच काहीतरी कारण शोधून, त्याला रोज माफ करून, आई मेली होती.

त्या दिवशी बेकरीत त्याने कुणाला आवाज चढवला नाही. कामगारांना ते शिव्यांपेक्षा जड गेलं; म्हाताऱ्याने पोतं हाताशी आणून ठेवलं. दुपारी घाणा निघाल्यावर तोफ पिठाच्या टेबलाशी गेला आणि तोंडावरचं फडकं खाली ओढलं. मेव्हणा मळत होता. पुढच्या दाताची फट त्याने अजून भरून घेतली नव्हती.

"तुझा दात पाडला त्या सकाळी साखर दोनशे नव्वद होती माझी," तोफ म्हणाला.

मेव्हण्याचे हात थांबले. "बरं. मग?"

"चढलेली होती. उतरलेली नव्हती. मी चांगला शुद्धीत होतो."

मेव्हण्याने पिठाचा गोळा टेबलावर सोडून दिला.

"गाडीवाल्याच्या वेळी. गिरणीवाल्याच्या वेळी. तुम्हा सगळ्यांच्या वेळी." त्याचा आवाज फुटला, आणि तो सावरायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "तुझ्या ताईला मारलं ते मी नव्हतो म्हणतात सगळे. मग बाकीच्यांना मारलं ते कोण होतं?"

म्हाताऱ्याने भट्टीचं दार लोटलं. सगळे कामगार आपापल्या जागी उभे राहून ऐकत होते. इतकी वर्षं मार खाल्लेली ती माणसं, मेव्हणा आता नाही म्हणेल, जाऊ द्या भावोजी म्हणेल, याची वाट बघत होती. तोफही त्याचीच वाट बघत होता.

मेव्हण्याने हातांचं पीठ झटकलं.

"तुम्ही होतात," तो म्हणाला.